पाच कंपन्या आणि एक होडी

जोखीम पाच ठिकाणी वाटली की ती माणसाला शिवत नाही, हे सत्य पुंडलिकशेटनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. ते जाहिरातींच्या पानावर होतं.

आता, एकोणीसशे एकवीसच्या वैशाखात, ते बेळगावच्या एका विमा कंपनीच्या बाकावर बसले होते. नदीकाठच्या कुंभारवाडा गावाने नव्या होडीसाठी जमवलेला पैसा त्यांनी वर्षापूर्वी पाच कंपन्यांच्या शेअरांत घातला होता. इंग्रजी चार इयत्ता शिकलेले गावात तेच एक व्यापारी. पैसा वाढला की बैलही मावतील एवढी होडी घ्यायची, असं ठरलं होतं. जुनी होडी फुटून काठावर पडली होती आणि पावसाळा महिन्यावर आला होता. शेजारी नावाडी झिलू बसला होता. गावाने त्याला होडी घेऊनच यायला सांगितलं होतं.

सकाळपासून दोघे पैसा परत मागत एकेका कंपनीत फिरत होते. आगपेटीच्या कंपनीत काडी नव्हती. "कारखान्याला आग लागते," तिथले मॅनेजर म्हणाले, "म्हणून पैसा तेलगिरणीत गुंतवला." तेलगिरणीला भुईमुगाचा भरवसा नव्हता, तिने साबणात घातला. साबणवाल्यांनी आगबोटीत. आगबोट कंपनीत झिलू जरा खुलला. भिंतीवर बोटीचं मोठं रंगीत चित्र होतं.

"बोट कुठं हाय?"

"बोटी बुडतात रे," कारकून समजुतीने म्हणाला. त्यांनी सगळा पैसा विम्यात ठेवला होता.

आणि विमा कंपनीचे मॅनेजर आता चष्मा पुसत सांगत होते, "आमचा पैसा अगदी सुरक्षित आहे. आगपेटीत."

पुंडलिकशेटनी एका कागदावर पाच गोल काढले, बाण ओढले. शेवटचा बाण पहिल्या गोलाला येऊन भिडला. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला. चूक कुठेच सापडेना.

"शेट, म्हंजे ह्या पाचांनी एकामेकाला धरलंय," झिलू म्हणाला.

"अरे, तीच तर खुबी!"

"व्हय, त्ये कळलं. पर पवायला कुनाला येतंय?"

शेट मॅनेजरांकडे बघू लागले. मॅनेजरांनी चष्मा चढवला.

"प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. "वार्षिक सभेत विचारा."

सभा भरली नाही. पाचही कंपन्या एकाच मंगळवारी बंद झाल्या. त्या पावसाळ्यात कुंभारवाडा चार महिने नदीच्या अलीकडेच राहिला.