मुंगी

"मुंगी," ताई डॉक्टरांना म्हणाली आणि तिनं पोटावर हात ठेवला.

मान वर न करता त्यांनी खाजेचं मलम लिहून दिलं. मी कागद परत सरकवला. "साहेब, खाज नाही हो. ताई चाळिशीची असली तरी समज चार वर्षांच्या पोरीची आहे. लहानपणी तिला मुंगी चावली, तेव्हापासून कुठंही दुखलं की ती हाच शब्द बोलते. तीन दिवस जेवलेली नाही. पोटाची सोनोग्राफी करा."

"अशा पेशंटचं असंच असतं. खरंच दुखत असतं तर रडली नसती का?"

"ती रडत नाही. ती सांगते."

मी दारातच बसून राहिलो. शिपायानं दोनदा उठवलं, दोनदा पुन्हा बसलो. दुपारी तपासणी झाली, तेव्हा अपेंडिक्स फुटलेलं होतं.

ऑपरेशननंतर तेच डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली ओढून हळूच म्हणाले, "फार उशीर झाला होता. नाही वाचवता आलं."

त्यांना काय काय सुनावायचं ते मी सकाळपासून मनात जुळवत होतो. पण हात छातीवर गेला आणि तोंडून तेवढंच निघालं.

"मुंगी."

या वेळी त्यांनी काही लिहिलं नाही.