सिंधूताईसाठी साडी

दुकानदाराने गादीवर बसल्या बसल्याच विचारलं, "लग्नाची दाखवू का रोज नेसायची?"

इंद्रभानची बायको अन्नपूर्णा म्हणाली, "माहेरची द्यायची हाये. शेवटची."

दुकानदाराने हातातला चहाचा कप बाजूला ठेवला. मेहकरच्या बाजारात इतकी वर्षं दुकान चालवणाऱ्याला पुढचं सांगावं लागलं नाही. सवाष्ण होत्या का, एवढंच त्याने हळू आवाजात विचारलं आणि हिरव्या साड्यांचा गठ्ठा खाली काढला. वरच्या साड्या स्वस्तातल्या होत्या. अशा कामाला लोक त्याच नेतात, असं तो बोलला नाही; पण गठ्ठा तसाच लावलेला होता.

इंद्रभानची थोरली बहीण सिंधूताई पहाटे गेली होती. लोणारहून निघालेल्या या दोघांना मेहकरला गाडी बदलून तिच्या गावी जायचं होतं. माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिला उचलणार नव्हते. तिकडून दोनदा फोन येऊन गेला होता.

इंद्रभान लोणारला एका शाळेची गाडी चालवायचा. पगार ठरलेला आणि त्यातला कपड्यांचा वाटाही ठरलेला. दर महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकून अन्नपूर्णा वर्षाकाठी पोरांना कपडे करायची; उरलंच तर नवऱ्याला, मग स्वतःला. भाऊबीजेची साडी त्यातूनच व्हायची. पण त्या साडीची किंमत अन्नपूर्णा ठरवत नसे, सिंधूताईच ठरवायची. दिवाळीआधी तिचा फोन यायचा, की पाचशेच्या वरची आणशील तर मी घडी मोडणार नाही. एका वर्षी इंद्रभानने हौसेने नऊशेची नेली, तर तिने ती त्याच पिशवीत घालून परत पाठवली आणि पोराला बूट घे म्हणून बजावलं.

आज तिचा फोन येणार नव्हता.

इंद्रभानने समोरच्या साड्या हाताने सरकवल्या आणि मागच्या काचेच्या कपाटातल्या एका साडीकडे बोट दाखवलं. गर्द हिरवी, रुंद जांभळ्या काठांची, काठात जर. दुकानदाराने ती उलगडून मांडीवर घेतली. अठ्ठावीसशे म्हणाला.

अन्नपूर्णाने नवऱ्याला दाराशी नेलं. ती भांडली नाही. तिच्या पर्समध्ये पोरांच्या दिवाळीच्या कपड्यांसाठी साठलेले पैसे होते. घाईत हाताला तेच लागले होते. तिचं म्हणणं इतकंच, की सातशेत अंगभर, चारचौघांत शोभेल अशी साडी येते. उरलेल्यात ताईच्या पोरीला, समीक्षाला दोन ड्रेस होतील. बाप असला तरी तिच्या कपड्यांकडे आता बघणार कोण? आणि ताईला विचारता आलं असतं, तर तिनेही हेच सांगितलं असतं.

"तू बरोबर बोलून राह्यली," इंद्रभान म्हणाला. "मले समजते. पन आजपावेतो तिले एकही साडी माह्या मनासारखी देता आली नाही."

अन्नपूर्णाने पर्स त्याच्या हातात दिली.

दुकानदाराने आपण होऊन दोनशे सोडले. साडी पिशवीत घालताना सवयीने त्याने फॉल-पिकोचं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

ते पोचले तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. मामाला बघून समीक्षा दारातून धावत आली आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून रडली. तिच्या कुर्त्याची बाही खांद्यात उसवलेली होती, तिथे पिन लावली होती. इंद्रभानला ती दिसली. अन्नपूर्णालाही दिसली. तिने आपला पदर त्या खांद्यावरून घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं नाही.

आंघोळ घालायच्या वेळी समीक्षाने पिशवीतून साडी काढली. काठावरून एकदा हात फिरवला.

"मामा, आईनं ही ठेवून घेतली नसती," ती म्हणाली.

"हाव," इंद्रभान म्हणाला.

माहेरची साडी पहिली, अंगाला लागून. बायकांनी ती नेसवली, ओटी भरली, कपाळभर कुंकू लावलं. एका म्हातारीने लुगडं चांगलं आणलं म्हणून मान हलवली. मग बाकीच्यांच्या साड्या आल्या. जावेची, नणंदेची, भावकीतल्या घरांची, शेजारणींची. एकीवर एक पांघरत गेल्या. त्यावर हार, मोकळी फुलं, गुलाल. तिरडी बांधून होईपर्यंत इंद्रभानने आणलेली साडी सगळ्यांच्या खाली गेली होती. त्याने दोनदा वाकून पाहिलं. हिरवं कुठे दिसेना.

आंघोळीच्या पाण्याने अंगणात चिखल झाला होता. उशीर होऊन राह्यला, उचला, असं कुणीतरी म्हणालं. चौघे पुढे झाले. इंद्रभान मागच्या बाजूला खांदा द्यायला वाकला, तेव्हा पायाशी वीतभर जांभळा काठ बाहेर लोंबताना त्याला दिसला. त्याचं टोक चिखलाला लागलं होतं.

"थांबा," तो म्हणाला.

तो खाली बसला. काठावरचा चिखल त्याने आपल्या बाहीने पुसला. डाग निघेना, तर बाही तांब्यातल्या पाण्यात भिजवून पुन्हा पुसला. मग काठ सरळ केला, पायांखाली नीट खोचला आणि परत सुटत नाही ना, ते हाताने दाबून पाहिलं.

तोवर सगळे उभे राहिले.