शांत खोली

सयाजीने गोठ्यात फिनेलची अख्खी बाटली ओतली, तरी वास जाईना. म्हशीचा वास एका बाटलीने जायचा असता, तर मंगळवार पेठेतल्या त्याच्या खोलीतून कॉलेजची पोरं एकामागून एक पळाली नसती. शेवटी त्याने खोलीत मूठभर उदबत्त्या पेटवल्या आणि गोठ्याकडच्या खिडकीवर पडदा ओढला. तारा म्हैस दुपारीच मागच्या गल्लीत, ओळखीच्या गुंडूच्या दावणीला नेऊन बांधली होती.

"मामा, ह्यो शेवटचा चान्स," सून क्रांती पडदा सारखा करत म्हणाली. "ह्या पोरीनं खोली घेतली तर बरं. न्हायतर तारा वडगावच्या बाजारात, आणि गोठ्याचीबी खोली करायची. ठरलंय आपलं."

ठरलं होतं खरं, आणि क्रांतीचं काही चुकतही नव्हतं. दुधातून पेंडीचा खर्च जेमतेम निघायचा. सयाजीला हिशोब कळत होता. पण तारा गेल्यावर पहाटे कुणासाठी उठायचं, हे त्या हिशोबात कुठेच बसत नव्हतं. म्हणून त्यानेच हा बेत काढला होता. एकदा पोरीची गादी आणि बादली खोलीत आली की मग सावकाश म्हैस दाखवायची. आलेली गादी पुन्हा उचलायची म्हटलं की माणसाच्या जिवावर येतं.

पाहुणे वेळेवर आले. नेसरीचे एक शेतकरी आणि त्यांची मुलगी संयोगिता, फार्मसीच्या पहिल्या वर्षाची. मुलगी एक अक्षर बोलत नव्हती. डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"दोन खोल्या बदलून झाल्या हिच्या," वडील म्हणाले. "झोपच लागत न्हाय म्हणती. आता हितंबी न्हाय जमलं तर कॉलेज सोडवून घरी नेतो. दुसरं काय करायचं?"

"आमच्यात एकदम शांत हाय, पावणं," सयाजीने ठासून सांगितलं. "चिटपाखरू न्हाय."

मुलीचा चेहरा आणखीच पडला. सयाजीला वाटलं, उदबत्त्या जास्त झाल्या.

"मागं काय हाय?" वडिलांनी पडद्याकडे बघत विचारलं.

"काय न्हाय. पडीक जागा," क्रांती म्हणाली.

तेवढ्यात पडीक जागा रेकली. चांगली दणदणीत रेकली.

धारेची वेळ झाली होती, आणि धारेच्या वेळी तारा कुणाच्या बापाचं ऐकत नसे. सगळे बाहेर आले. रिकाम्या गोठ्यात, फिनेल हुंगत, गळ्यात तुटकं दावं लोंबकळत ती आपल्या जागेवर येऊन उभी होती.

"कुणाची म्हस ही?" सयाजी हात उगारून ओरडला. "कोणबी मोकळी सोडतंय! चल, हाड!"

ताराने त्याच्याकडे पाहिलं. सावकाश दोन पावलं पुढे आली आणि रोजच्यासारखी त्याच्या सदऱ्याची बाही चाटायला लागली.

उगारलेला हात तसाच राहिला. सयाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तो हात त्याने खाली आणला आणि तिच्या शिंगांच्या मधे खाजवू लागला.

"तुमचीच दिसत्या," पाहुणे म्हणाले.

"माझीच हाय. खोटं बोललो, पावणं. वास मारती, रात्री आवाज करती. पोरं टिकत न्हाईत म्हणून लपवली हुती."

"पण इकायची हाय ती!" क्रांती घाईघाईने मधे पडली. "येत्या बाजारालाच. तुम्ही खोली बघा की. म्हस गेल्यावर कसला वास आणि कसला आवाज?"

"म्हस इकणार असाल तर मला खोली नको."

बोलली ती मुलगी. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. सगळे तिच्याकडे बघायला लागले, आणि ती ताराकडे.

"घरात माझी कॉट गोठ्याच्या भिंतीला हाय," ती म्हणाली. "म्हसरं रवंथ करत्यात, सुस्कारा टाकत्यात, ते ऐकत झोपायची सवय हाय मला. कोल्हापुरात आल्यापास्नं नुसतं शांत शांत. अंगावर येतं ते."

वडिलांनी कपाळाला हात लावला. "अगं, मग बोलायचंस की! मी डॉक्टर पालथे घालतोय!"

"काय सांगू, पप्पा? म्हस न्हाय म्हणून झोप लागत न्हाय? मैत्रिणी हसून मेल्या असत्या."

हसली मात्र क्रांतीच. पदर तोंडाला लावून हसली, मग आत जाऊन एकेक उदबत्ती विझवू लागली. संयोगिताने तिच्या मागोमाग जाऊन पडदा सारला आणि खिडकी सताड उघडली.

"मामा, बघत काय ऱ्हायलाय?" आतून क्रांतीचा आवाज आला. "धार काढा की. पोरीला दूध द्यायचंय."

सयाजीचा जीव भांड्यात पडला. चरवी घेऊन तो ताराशेजारी बसला. पण ताराने पान्हा चोरला. आंबोण पुढ्यात असूनही ती तोंड लावेना, आणि सडांना कितीही हात फिरवला तरी एक थेंब येईना.

खिडकीत कुणी नाही, हे सयाजीने वळून पाहिलं. मग तिच्या पोटाला कपाळ टेकलं.

"कुणाची म्हस म्हणालो, ते मनावर घिऊ नगंस," तो हळूच म्हणाला. "माझीच हाईस."

ताराने शेपटीचा एक सणसणीत फटका त्याच्या पाठीत हाणला. मग चरवीत धार वाजली.