काळा रुमाल

मुर्ताझने गुडघे टेकले, तेव्हा जुंबेरच्या हातात खरी सुरी होती.

सभागृहात हे कुणालाच माहीत नाही, असे त्याला वाटत होते. महिनाभर तालमीत त्याने लाकडाचीच सुरी वापरली होती, चंदेरी रंग दिलेली. आज ती घरी ठेवून त्याने बापाची सुरी कमरेला लावली होती. बाप मेला त्याला सात वर्षे झाली. कुरणाच्या बांधावरून भांडण झाले आणि मुर्ताझच्या बापाने त्याला गोळी घातली. मारणारा पुढे तुरुंगात आजारी पडून गेला. पण स्वानेतीच्या डोंगरात सूड मारणाऱ्याबरोबर पुरला जात नाही. तो त्याच्या मुलावर येतो.

पुरण्याच्या दिवशी जुंबेरची आई पेलागिया कबरीपाशी म्हणाली होती, "याच्या रक्ताला उत्तर मिळेपर्यंत हा काळा रुमाल डोक्यावरून उतरणार नाही." जुंबेर तेव्हा चौदा वर्षांचा होता. ती हे पुन्हा कधी बोलली नाही. पण रोज सकाळी ती तो रुमाल बांधायची आणि रोज सकाळी जुंबेरला तो दिसायचा.

दोघांना एका नाटकात घेतले ते नोदार मास्तरांनी. "उंच पोरं गावात दोनच," मास्तर म्हणाले होते. "आणि एकमेकाला बघून सात वर्षं वाट बदलताय. एकदा समोरासमोर उभे तरी राहा." नाटक जुने, राजाच्या दरबाराचे. ज्याचा भाऊ मारला गेला, त्याच्या हाती राजा सुरी देतो आणि मारणाऱ्याला त्याच्यापुढे बसवतो. मग राजाच त्याच्याकडे दया मागतो आणि तो सुरी टाकून देतो. भावाचे काम जुंबेरचे, म्हणजे मारेकऱ्याला मारायचा हक्क त्याला मिळायचा. मुर्ताझ मान खाली घालून त्याच्यापुढे बसायचा. एरवी मुर्ताझ त्याला इतक्या जवळ कधी सापडला नसता. जुंबेर लगेच हो म्हणाला होता.

रविवारची दुपार होती. सभागृह खचाखच भरले होते. सात वर्षांत कुठल्या लग्नालाही न गेलेली पेलागिया आज पहिल्या रांगेत येऊन बसली होती.

"मुर्ताझ, मरताना तरी मिशी सरळ कर," मागून कुणीतरी ओरडले. लोक हसले. मुर्ताझने चिकटवलेली मिशी बोटाने दाबली आणि मान खाली घातली.

"आटप रे लवकर," तो पुटपुटला. "फळीचा खिळा गुडघ्यात घुसतोय."

जुंबेरला हसू आले. ते हसू त्याला सहन होईना. त्याने सुरी उपसली.

राजा झालेले मास्तर पुठ्ठ्याचा मुकुट सावरत पुढे आले. "कायदा तुझ्या बाजूनं आहे," ते म्हणाले. "इथं तुझा हात कुणी धरणार नाही. पण कायद्यानं दिलं म्हणून घेतलंच पाहिजे, असं कुठं आहे?"

इथे जुंबेरने सुरी वर न्यायची होती, श्वासभर थांबायचे होते आणि मग ती टाकायची होती. त्याने सुरी वर नेली. मुर्ताझची मान त्याच्या हाताखाली होती, मानेवर घामाचा एक थेंब होता. टाकायचे जुंबेरच्या मनात नव्हते.

दोघांच्या मध्ये काहीतरी काळे येऊन पडले.

तो रुमाल होता. बाईने डोक्यावरचा रुमाल दोन पुरुषांच्या मध्ये टाकला की तो ओलांडून हत्यार चालवायचे नाही. त्या डोंगरात दारुडाही हे मोडत नाही. जुंबेरचा हात वरच राहिला.

लोकांनी आधी एकमेकांकडे पाहिले. मग सभागृह हसून लोटपोट झाले.

"पेलागिया काकू, नाटक आहे हो ते!"

"मरत नाही तो, काकू. उद्या माझी भिंत बांधायचीय त्याला!"

पेलागिया रंगमंचावर चढली तसे हसणे थांबले. तिचे केस पांढरेशुभ्र होते. ते इतके पिकलेत हे जुंबेरलाही माहीत नव्हते. तिने रुमाल उचलला, मुलाच्या हातावर टाकला, रुमालाखालूनच सुरी काढून घेतली आणि गुंडाळी काखेत मारून खाली उतरली. जुंबेर रिकाम्या हाताने उभा राहिला.

"राजाच्या हुकमावर आईचा हुकूम," मास्तर घाईघाईने म्हणाले. "दरबार संपला!" एवढ्या टाळ्या गावात कुठल्याच नाटकाला पडल्या नव्हत्या.

मुर्ताझने उठायला हात पुढे केला. जुंबेरने तो धरला आणि त्याला वर ओढले.

"तुझ्या आईनं वाचवलं रे मला," मुर्ताझ हसत म्हणाला. "आता तो खिळा तेवढा ठोका कुणीतरी."

जुंबेर धावतच बाहेर पडला. आई बोडक्या डोक्याने चढ चढत होती. वाऱ्याने तिचे केस उडत होते.

"रुमाल बांध," तो मागून म्हणाला. "गारठा आहे."

"नको. उतरला तो उतरला."

ती थांबली नाही. गाव ज्यावर हसले होते, तेच त्याने पुढे केले.

"आई, नाटक होतं ते. तू उगाच घाबरलीस."

पेलागिया वळली. तिने कोटाच्या खिशातून चंदेरी रंगाची लाकडी सुरी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"नाटकातली सुरी तर निघाल्यापासून माझ्याकडे होती, बाळा."