पट्टीखालचं मेण

पाणी नेमकं कुठून येतंय ते डेल्रॉयला सापडलं होतं. दाराच्या रबरातून नाही, क्रोमच्या पट्टीच्या स्क्रूंमधून.

"मॅडम, नुसतं रबर बदलून काही होणार नाही. स्क्रूच्या भोकातून पाणी दारात उतरतं, दारातून पायाखाली. एकेक स्क्रू काढून सील करायला लागेल."

"करा ना मग!" नीलम म्हणाली. पंचविशीतली पोरगी. मुलुंडहून ही हिरवी फियाट टो करून आणली होती तिने. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांच्या वाढदिवसाला गाडी झकास करून खिडकीखाली उभी करायची, हा तिचा बेत. "पप्पांना कळता कामा नये हां. त्यातून अंधेरीला आणली हे तर मुळीच नाही. इथल्या मेकॅनिकचं नाव काढलेलं चालत नाही त्यांना."

"आमच्यावर एवढा राग?" डेल्रॉय हसला आणि कामाला लागला.

अंधेरीच्या मरोळ गावठाणातल्या घराची पुढची पडवी म्हणजेच त्याचं गॅरेज. जुन्या फियाट सोडून तो दुसऱ्या गाडीला हात लावायचा नाही. लोक म्हणायचे, काय हौस आहे! डोंबलाची हौस. सव्वीस जुलैच्या पुरात त्याचे पप्पा, बेनेडिक्ट, आपली निळी फियाट घेऊन निघाले ते आलेच नाहीत. माणूस नाही, गाडी नाही. तेव्हापासून प्रत्येक जुन्या फियाटमध्ये तो पप्पांची गाडी शोधत होता. त्यापायी दुबईची नोकरी सोडली. जॅकलिनने वाट बघून बघून शेवटी दुसऱ्याशी लग्न केलं. पप्पांचं काय झालं, एवढंच एकदा कळायला हवं होतं त्याला.

त्याच्या आईने, पेट्रिशियाने, मात्र कधी शोधाशोध केली नाही. पूर ओसरल्यावर तिने चर्चच्या दफनभूमीत नवऱ्याच्या नावाचा क्रूस उभा केला आणि घरी मेणबत्त्या करायला लागली. निळ्या, बेनेडिक्टच्या गाडीच्या रंगाच्या. त्या ती विकायची नाही, शेजारणीला एक द्यायची नाही. फक्त बेनेडिक्टसाठी. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पिशवी भरून न्यायची ती दिवस कलल्यावर परतायची.

"मम्मा, एका क्रूसाला एवढ्या?" डेल्रॉयने एकदा विचारलं होतं.

"वाऱ्याने विझतात रे," ती म्हणाली होती.

त्याने मागच्या दाराच्या पट्टीचा पहिला स्क्रू काढला आणि त्याचा हात थांबला. स्क्रूच्या आट्यांमध्ये मेण होतं. जुनं, पिवळं पडलेलं.

दुसऱ्यालाही मेण. तिसऱ्यालाही.

कुणी सिलिकॉन लावतं, कुणी ग्रीस फासतं, काही न लावणारे तर ढिगाने आहेत. पण स्क्रू वितळलेल्या मेणात बुडवून बसवणारा एकच माणूस डेल्रॉयने आयुष्यात पाहिला होता. पप्पा चर्चमधले मेणबत्त्यांचे तुकडे खिशात घालून आणायचे आणि मम्माची बोलणी खायचे.

त्याने पट्टीखालचा हिरवा रंग खरवडला. आत निळा होता.

"जीझस!" त्याच्या तोंडून निघालं. एवढी वर्षं जिला शोधलं ती त्याच्याच पडवीत उभी होती. त्याचे डोळे भरून आले. मग डोकंच फिरलं.

"कुठून आणली ही गाडी?"

"म्हणजे? आमचीच आहे."

"खोटं बोलू नको! ही माझ्या बापाची गाडी आहे. पुरात गेली होती, बापासकट. कुणी उचलली? गाडीत माणूस होता ना, त्याचं काय केलं तुम्ही?"

नीलम घाबरून दोन पावलं मागे सरकली. "ओ, काय वाट्टेल ते काय बोलताय! मी पहिलीत होते, पुरातच आणली पप्पांनी. छपरापर्यंत चिखल होता. धुतली, हिरवा रंग मारला. त्याआधी ते कामासाठी बाहेर असायचे, फक्त रविवारी घरी यायचे. त्या पुरापासून कायमचे आले, म्हणून मला पक्कं आठवतं."

डेल्रॉयला ते नीट ऐकूच आलं नाही. तो ड्रायव्हरच्या दाराशी पोचला होता.

"ते दार नका ना खोलू," नीलम रडवेली झाली. "ते पप्पांनी गेल्या मे महिन्यात स्वतः केलंय, पडायच्या आधी. कुणाला हात लावू देत नाहीत."

त्याने स्क्रू फिरवला. स्क्रू-ड्रायव्हर दोनदा सटकला. शेवटी स्क्रू तळहातावर पडला. याच्याही आट्यांमध्ये मेण होतं. ताजं, नख लावलं तर खचणारं.

मेण निळं होतं.

डेल्रॉय त्याच्याकडे बघत राहिला. त्याने ते नखाने काढलं, बोटांत चुरलं, उजेडात धरलं. निळंच. त्याच्या घरात, त्याच्या चुलीवर वितळणारं मेण.

फाटक वाजलं. पेट्रिशिया बाजारातून मासळी घेऊन आली होती. तिने गाडी पाहिली, मग गाडीशेजारी रडणारी पोरगी पाहिली, आणि हातातली पिशवी सोडून ती धावतच पुढे आली. डेल्रॉय समोर उभा आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"नीलम, तू इथे? गेला की काय गं तो?"