उजवा डोळा

पहिला थेंब गालावर उतरला तसं बबनरावांनी चिडून वर पाहिलं. मांडवाच्या कडेला शेवग्याच्या बुंध्याला टेकून बसले होते ते, आणि डोक्यावरच्या फांदीला केसाळ अळ्यांचा हा एवढा पुंजका चिकटलेला! त्यातलाच एखादा केस उजव्या डोळ्यात गेला होता. पापणी मिटली की टोचे, उघडली की जळे. चोळून पाहिलं, तर आणखीच आग.

आणि तेही आजच! काल्याचं कीर्तन, सारं गाव मांडवात. ठरलेले महाराज तापानं पडले म्हणून टाळकरी उकंडाची नात ममता कीर्तनाला उभी राहिली होती. बबनराव सप्त्याचे प्रमुख. सकाळीच चारचौघांत बोलून बसले होते, "पोरीबारींचं काम आहे का हे? तिनं माह्या डोळ्यात पाणी आणलं, तर पुढच्या साली काला तिचाच. नाही आणलं, तर पुन्हा या गावात उभी राहाचं नाही."

"बाई गं! आबाजी रडले!" बायकांत कुजबुज पसरली.

"रडलो नाही! अळीचा केस गेला!" बबनराव खेकसले.

शेजारी टाळ धरून बसलेला उकंडा पुटपुटला, "अळी मोठी भाविक दिसते बाप्पा."

आजूबाजूचे खुदकन हसले. बबनरावांच्या अंगाचा नुसता तिळपापड. उठून जावं, तर नारदाच्या गादीपुढून मधेच उठणं त्यांच्यानं या जन्मी झालं नसतं. त्यांनी दुपट्ट्याची घडी उजव्या डोळ्यावर गच्च दाबली आणि उरलेल्या डोळ्यानं ममताकडे रागानं बघत राहिले.

ती गोपाळांच्या शिदोऱ्यांवर आली होती. त्यातल्या एका लंगड्या गोपाळानं शिळी भाकर लाजून पाठीमागं लपवली. ममतानं गाणं थांबवलं. टाळ थांबले. "कान्हा म्हणाला," ती हळूच बोलली, "तुह्या मायनं उपाशी राहून बांधून देलेली ना ती? मले तीच पायजे."

मग एकदम गजर उसळला, हंडी फुटली, लाह्या उडाल्या.

बबनराव त्याचीच वाट पाहत होते. "विमलताई!" त्यांनी गावच्या आशा सेविकेला हाक मारली. "इकडे या. साऱ्यांसमोर काढा हा केस. पाहू द्या गावाले!"

विमलताईंनी हात धुतले. मोबाईलचा उजेड पाडला, दुपट्टा बाजूला सारून पापणी उलटी केली आणि ओल्या कापसाच्या टोकानं अलगद केस टिपला. तांबूस, बारीक, पापणीच्या केसाहूनही लहान.

"पाहा!" बबनराव जिंकल्यासारखे ओरडले. "हा रडवून राह्यला होता मले! तुमची पोरगी नाही!"

उकंडानं टाळ पिशवीत घातले. ममता खांबाशी मान खाली घालून उभी.

विमलताईंनी कापसाचा दुसरा बोळा घेतला आणि बबनरावांचा दुसरा गाल पुसला. तो बोळाही ओलाचिंब झाला.

"केस तर उजव्या डोळ्यात होता, आबाजी," त्या म्हणाल्या. "मंग हा डावा कायले वाहून राह्यला?"