पहिला ग्लास

गेल्या खेपेला जव करपले आणि कुमुदताईंची पहिलीच घरगुती बिअर मोरीत ओतावी लागली. आज त्यांनी रेसिपी बदलली. मोड आणून वाळवलेल्या जवांपैकी मूठभरच कढईत खरपूस भाजायला घेतले. रंग मधासारखा हवा होता.

“बिअर म्हणजे काय नातवाचं नाचणीसत्त्व वाटलं?” नवरोबा हसले.

“मोड आणा, वाळवा, भाजा. तेच तर आहे! आणि तुमची बाटली कपाटात चालते, तर माझं पातेलं ओट्यावर चालेल.”

महिन्याभराने कुमुदताईंच्या बिअरची बाटली फसफसून उघडली. ग्लासात अगदी मधाचा रंग उतरला. पहिलं ताट नेहमी आपलंच, या सवयीने नवरोबांनी हात पुढे केला.

कुमुदताईंनी ग्लास सरळ स्वतःच्या ओठांना लावला. “थांबा. आज बायकांची पंगत आधी.”